सारथ्याचा दाखला

सोमवार, ३

सारथी आज गेला. एकोणीस वर्षं माझी गाडी चालवून, किल्ल्या जेवणाच्या टेबलावर ठेवून, "येतो, बाई" म्हणून गेला. पहिल्याच दिवशी मी त्याला सारथी म्हणाले होते. पुढे त्याची बायकोसुद्धा त्याला तसंच म्हणायला लागली.

कारण काय, तर शिकायचंय. शेहेचाळिसाव्या वर्षी! तंत्रशाळेत मोटारदुरुस्तीचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. त्यात नोकरी केलेल्या प्रौढांसाठी सहा जागा असतात. त्यातली एक त्याला हवी आहे. शालान्त परीक्षेत गणिताने त्याची दांडी उडवली होती, त्याला तीस वर्षं झाली. ते गणित म्हणे गेल्या वर्षी सुटलं. मला पत्ताही नाही.

"अभ्यास केलास कधी?"

"तुमच्या भाषणांत, बाई."

"माझ्या भाषणांत गणित कुठे असतं?"

"भाषणं चालू असताना. गाडीत बसून. तुम्ही वीस मिनिटं म्हणता आणि दीड तास बोलता. वर्गसमीकरणं सगळी तुमच्याच कृपेनं झाली."

स्वयंपाकघरात धाकटी खोकली. धाकटी म्हणजे माझी बहीण. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, आता माझ्याकडे राहते आणि माझ्या चुका मोजते.

निरोपाला मी चार शब्द बोलले (धाकटीच्या घड्याळाप्रमाणे बावीस मिनिटं). श्रोते : सारथी, त्याची बायको, धाकटी आणि कपडे द्यायला आलेला इस्त्रीवाला. बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "जो दुसऱ्याच्या हातातल्या चाकावर चालतो तो कधी पोचत नाही! उद्यापासून ही गाडी मी स्वतः चालवीन!" इस्त्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या. आता माघार नाही.

सारथ्याने जाताना एक कागद दिला. नोकरीचा दाखला, छापील नमुना, एका पानाचा. "बाई, एवढा भरून द्या. शेवटची तारीख अठ्ठावीस, दुपारी बारापर्यंत. हा नसेल तर अर्ज घेत नाहीत."

त्याला कोणीतरी फूस लावली आहे. हे खूळ त्याच्या डोक्यात आपोआप येणं शक्य नाही.

मंगळवार, ४

नमुना पाहिला. कामाचे स्वरूप, कालावधी, वर्तन, नोकरी सोडण्याचे कारण. प्रत्येकाला दोन बोटं जागा. एकोणीस वर्षं दोन बोटांत! हा माणसाचा अपमान आहे. मी हा नमुना भरणार नाही. स्वतंत्र पत्र लिहीन, ते वाचून तंत्रशाळेचे प्राचार्य उभे राहतील.

उद्या लिहीन.

आज वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक एका बैठकीत संपवलं. मजकूर योग्य, भाषा भिकार. समासात सुधारणा केल्या आहेत.

गुरुवार, ६

शिकाऊ परवान्याची लेखी परीक्षा. वीसपैकी वीस! खिडकीतल्या माणसाला सांगितलं, वाचनाने काय होत नाही? तो म्हणाला, "पुढचा नंबर."

दुपारी वाहन प्रशिक्षण केंद्र. मला शिकवायला एक बाई आहेत, तिशीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेल्या. तीन शब्दांपलीकडे बोलत नाहीत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव तीनशब्दी ठेवलं आहे.

"बसा. पट्टा लावा."

मी त्यांना विचारलं, स्त्रीने चाक हातात घेणं ही केवळ सोय आहे की विचार आहे? त्या म्हणाल्या, "डावा पाय. क्लच."

गाडी नऊ वेळा बंद पडली. दहाव्यांदा बेडकासारखी उडी मारून बंद पडली. पुस्तकात बेडकाचा उल्लेख नव्हता.

शनिवार, ८

सारथी आला होता. दाखल्याचं विचारायला. मी म्हटलं, अरे, त्यासाठी तंत्रशाळेत कशाला जायला हवं? घरीच शीक. चार कपाटं पुस्तकं आहेत. मी शिकवते. सकाळी दोन तास शिकायचं, मग गाडी काढायची. तू इथेच, शिक्षणही इथेच.

"इंजिन कसं शिकवाल, बाई?"

"पुस्तकातून. आणि इंजिन आपल्या दारातच उभं आहे." तडक अंगणात गेले आणि बॉनेटला हात घातला. उघडेना. पुढून ओढलं, बाजूने ओढलं, वरून थाप मारली. सारथी हात मागे बांधून उभा होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने मदत केली नाही. मग हळूच म्हणाला, "आतून खटका आहे, बाई. स्टिअरिंगखाली."

उघडल्यावर मी आत पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड बंद करून घरात आले.

जाताना तो आपली वही विसरला. चाळली. सगळी उदाहरणं, आणि समासात लाल शाईने शेरे : "पायऱ्या दाखव. घाई करू नकोस. हे तुला येतं, मग चुकतोस का?" म्हणजे मास्तर सापडला! मी धाकटीला वही दाखवली. "हाच तो फूस लावणारा. माणूस कडक दिसतो. भेटला तर चांगले खडे बोल सुनावीन."

"सुनाव की," धाकटी म्हणाली आणि वही घेऊन तिची धूळ झटकली. "पायऱ्या मात्र दाखव, अक्का."

तिचं बोलणं हल्ली मला अर्धंच कळतं. मंगळवारी आणि शुक्रवारी डोळे तपासायला जाते, त्याचा परिणाम असेल.

सोमवार, १०

अपघात झाला. लहान.

चूक तीनशब्दींची आहे, त्यांनी मला प्रश्न विचारला. नेहमी गप्प असतात, आज म्हणाल्या, "शिकून काय होतं?" त्यांचा भाचा शाळा सोडायची भाषा करतो आहे म्हणे, हे मला नंतर कळलं. पण प्रश्न समोर आला आणि मी पेटले. हा प्रश्न मला चाळीस वर्षं सभांमधून विचारला गेला आहे आणि चाळीस वर्षं मी त्याच उत्तरावर सभा जिंकल्या आहेत. शिक्षण म्हणजे पदवी नव्हे, असं म्हणताना माझा डावा हात उघडतो. शिक्षण म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहणं, असं म्हणताना उजव्याची मूठ वर जाते. चाळीस वर्षांची सवय आहे. दोन्ही हात वर, आणि गाडी बागेच्या कुंपणात.

त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, म्हणून कुंपण अर्धंच गेलं. माळी धावत आला. त्याला म्हटलं, "माफ करा, मुद्दा रंगात आला होता." माळी कुंपणाकडे बघत राहिला.

तीनशब्दींनी मला खाली उतरू दिलं नाही. म्हणाल्या, "हात स्टिअरिंगवर ठेवा." मग म्हणाल्या, "बोलणं बंद करा." मी म्हटलं, अहो, पण रस्त्याने जाताना विचार—

"रस्ता ऐकत नाही."

तीन शब्द! घरी येईपर्यंत मला त्यावर प्रत्युत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

गुरुवार, १३

पत्राचा पहिला मसुदा. चार पानं. वाचून दाखवला. धाकटी म्हणाली, "अक्का, ही शिफारस आहे की आरोपपत्र? 'जहाज भर समुद्रात असताना सुकाणू सोडणारा' हे वाचून कोण प्रवेश देईल त्याला?"

दुसरा मसुदा. अकरा पानं. आता त्याच्या गुणांचं वर्णन, पार वेळेच्या पक्केपणापासून धुक्यातल्या त्या घाटापर्यंत, जिथे त्याने माझा जीव वाचवला. धाकटी म्हणाली, "हा मृत्युलेख झाला."

"मग तूच सांग काय लिहू."

"नमुना भर. चार रकाने आहेत. माझ्या सातवीतल्या मुलींनी पाच मिनिटांत भरला असता."

मी तिला सांगितलं, तू आयुष्यभर उत्तराखाली दोन रेघा मारत आलीस, तुला शब्दांचं वजन काय कळणार? ती म्हणाली, वजन कळतं, म्हणूनच म्हणते. आज आम्ही दोघी वेगवेगळ्या वेळी जेवलो.

रविवार, १६

विजय!

सकाळी पाहते तर दारातल्या गाडीचं चाक बसलेलं. जुन्या दिवसांत मी हाक मारली असती. आज मी गाडीचं माहितीपुस्तक काढलं, पान त्र्याऐंशी. डिकीतून जॅक आणि पाना आणला. पुढच्या खिडकीतून शेजारच्या शिंपीणबाई बघत होत्या. बघू देत म्हटलं. पदर खोचला. नट सैल केले, जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली, नट आवळले. पाऊण तास. हाताला काळं लागलं ते मी मुद्दाम दुपारपर्यंत धुतलं नाही. स्वावलंबन म्हणजे काय, ते मी आज बोटांनी वाचलं!

धाकटीला बाहेर बोलावलं. तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"अक्का, हवा कुठल्या चाकात नव्हती?"

"पुढच्या."

"डाव्या की उजव्या?"

मी डाव्या बाजूला गेले. डावं चाक जमिनीला चिकटून बसलं होतं. मी उजवं बदललं होतं. खणखणीत, ठणठणीत उजवं.

शिंपीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही दोन्ही बदलणार असाल."

मंगळवार, १८

दोन्ही बदलली. दुसरं चाक अठरा मिनिटांत. याची नोंद कोणी घेतली नाही म्हणून मी घेते.

शुक्रवार, २१

गाडी चालू लागली आहे. खरं सांगायचं तर मी गप्प बसल्यापासून चालू लागली आहे. तीनशब्दींच्या गाडीत आता तासभर तोंड उघडत नाही. सुरुवातीला जीव गुदमरला. मग इंजिन ऐकू यायला लागलं. ते कण्हतं तेव्हा गिअर खाली घ्यायचा, गुरगुरतं तेव्हा वर. एवढी वर्षं मी त्या आवाजावर बोलत आले. मागच्या सीटवर बसून भाषणं घोकायचे, पुढे काय चाललंय ते सारथ्याचं त्याला माहीत.

सारथी पुन्हा आला होता. आज त्याने विचारलंच, "बाई, काही चुकलं का माझं?"

"छे. पत्र होत आलंय."

"पत्र नको, बाई. तो कागद."

"होत आलंय म्हटलं ना!"

तो गेला. चहाही न घेता. धाकटीने माझ्यापुढचा कप उचलला आणि तोही भरलेलाच आत नेऊन ठेवला.

आता इथे कोणी श्रोता नाही, म्हणून लिहिते. पत्र होत आलेलं नाही. मी ते होऊ देत नाही आहे. अठ्ठावीस तारीख उलटली की जागा जाईल, जागा गेली की त्याला दुसरं काय येतं? तो परत येईल. किल्ल्या टेबलावरच आहेत, मी हलवलेल्या नाहीत. इतके दिवस मी ठरवून काही केलं नाही, नुसतं उद्यावर ढकललं. पण उद्यावर ढकलणं ही वाट अडवण्याची सगळ्यांत सभ्य तऱ्हा आहे, हे मीच पुढाऱ्यांना सुनावत आले.

हे वाक्य चांगलं झालं आहे. भाषणात घेता येईल. हे मनात आलं आणि स्वतःचीच चीड आली.

बुधवार, २६

कापड गिरणीतल्या कामगार बायकांपुढे व्याख्यान. बसने गेले, उभ्याने. विषय शिक्षण. सभागृह भरलेलं, पंखे बंद, आणि मी रंगात. शेवटाला माझं ठेवणीतलं वाक्य : "शिकू पाहणाऱ्याची वाट अडवणारा हात कुणाचाही असो, तो झिडकारून पुढे जा!" टाळ्या थांबेनात.

मग प्रश्नोत्तरं. तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी उठली. डोळ्यांवर जाड भिंगं, हातात पाटी. अक्षरओळख सुरू करून दोन महिने झाले म्हणाली.

"बाई, तो अडवणारा हात ओळखायचा कसा? आमच्या घरी तर सगळे 'शीक शीक'च म्हणतात. आणि संध्याकाळ झाली की भाकरी थापायला मीच."

हशा पिकला. मी बारा मिनिटं उत्तर दिलं. व्यवस्था, परंपरा, सत्ता. म्हातारी उभीच होती. माझं संपल्यावर म्हणाली, "बरं," आणि बसली. तिला उत्तर मिळालेलं नव्हतं. ते तिला माहीत होतं आणि मलाही.

परतीच्या बसमध्ये दांडीला धरून उभी होते. माझा हात बरोबर डोळ्यांसमोर.

शुक्रवार, २८

सगळं क्रमाने लिहिते.

काल दिवसभर सारथ्याची वाट पाहिली, तो आला नाही. आज सकाळी तो नमुना शोधायला लागले, तर सापडेना. अकरा पानांच्या मृत्युलेखाखाली, मग व्याख्यानांच्या टाचणांत, मग कपाटावर. धाकटी शांतपणे उठली आणि तिच्या गणिताच्या पेटीतून कोरा नमुना काढून पुढे ठेवला.

"हा तुझ्याकडे कसा?"

"जास्तीचे आणून ठेवले होते. तुझा काय भरवसा?"

"तू तंत्रशाळेत कशाला गेली होतीस?"

"डोळे तपासायला. अक्का, साडेनऊ झालेत."

दहाला माझा तास. शिकवणीची गाडी दारात आली. मी बसले, पट्टा लावला आणि तीनशब्दींना म्हटलं, "आज बाग नाही. तंत्रशाळा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तंत्रशाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये पूल आणि पाच रस्त्यांचा गोल चौक. त्या चौकात शिकाऊ माणसाला नेत नाहीत. मी कारण सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. नुसता कागद दाखवला.

"आरसे बघून निघा," त्या म्हणाल्या.

पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे भोंग्यांचा कल्लोळ. एक टेम्पोवाला बाजूने डोकं काढून ओरडला, "आजी, घरी पोळ्या लाटा!" माझ्याजवळ त्याच्यासाठी सात उत्तरं तयार होती, त्यातली दोन तर ऐतिहासिक. एकही दिलं नाही. हँडब्रेक, क्लच, पहिला. गाडी निघाली. पोळ्या मला लाटता येत नाहीत, हे त्याला कळलंच नाही.

गोल चौकात आत शिरले ते ठीक, पण बाहेर पडू कोणी देईना. एक फेरी, दोन, तीन. चौथ्या फेरीला वाहतूक पोलीस सलाम करायला लागला. तीनशब्दींचा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता, पण त्यांनी तो दाबला नाही. पाचव्या फेरीला मी दिवा दाखवला, मान वळवून बघितलं आणि घुसले. या सगळ्यात माझे हात एकदाही उठले नाहीत.

तंत्रशाळेच्या कार्यालयात अकरा बावन्न.

सारथी भिंतीकडच्या बाकावर बसला होता. मांडीवर अर्ज, सगळी प्रमाणपत्रं टाचलेली, एक सोडून. मला बघून उठला. मग माझ्या मागे बघितलं, कोणी आणलं ते पाहायला. मागे कोणी नव्हतं.

"तुम्ही चालवत आलात?"

"भरायला पेन दे," मी म्हटलं.

खिडकीतल्या कारकुनाने घड्याळाकडे बोट दाखवलं. मी तिथेच, खिडकीच्या फळीवर कागद ठेवून भरायला लागले. कामाचे स्वरूप : वाहन चालवणे. कालावधी : एकोणीस वर्षे. वर्तन : इथे मी थांबले. धुकं, घाट, सगळं आठवलं. 'उत्तम' लिहिलं. दोन बोटांत बसलं, आणि कमी वाटलं नाही.

शेवटचा रकाना. नोकरी सोडण्याचे कारण.

"वय, आजार, गैरवर्तन," कारकून न बघता म्हणाला, "यातलं नसेल तर इतर, आणि काय ते लिहा. लवकर, बाई."

पेन तिथेच अडलं. महिनाभर मी याचंच उत्तर शोधत होते. कोणी फूस लावली, कोणाचं खूळ, कोण तो मास्तर. सारथ्याकडे वळले. "काय लिहू?"

तो गोंधळला. "खरं लिहू का म्हणून विचारताय?"

"खरंच विचारते आहे. कशामुळे गेलास?"

त्याने बायकोसमोर, इस्त्रीवाल्यासमोर, कोणासमोर सांगितलं नव्हतं ते त्या कारकुनासमोर सांगितलं. "बाई, सभेचा भोंगा गाडीपर्यंत ऐकू यायचा. चारशे वेळा तरी ऐकलं असेल. शिका, स्वतःच्या पायावर उभे राहा. मला वाटलं, तुम्ही मलाही म्हणताय."

कारकून आता बघत होता.

मी आयुष्यात इतकं कमी कधी लिहिलं नाही. त्या रकान्यात मी लिहिलं : 'मी सांगितले म्हणून.' खाली सही केली.

कारकुनाने वाचलं. पुन्हा वाचलं. "हे कारण चालत नाही—" असं म्हणू लागला, आणि मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. एक शब्द बोलले नाही. त्याने शिक्का मारला. अकरा अठ्ठावन्न.

घरी परतल्यावर धाकटीला सगळं सांगितलं. चौक, पोलीस, टेम्पोवाला. ती ऐकत होती, पण बोट मध्येच पुस्तकात होतं. मी विचारलं, काय वाचतेस? म्हणाली, "इंजिनाचं. त्यांच्या पहिल्या सत्रात बरंच गणित असतं म्हणे."

"तुला काय करायचंय त्यांच्या गणिताशी?"

"काही नाही, अक्का," ती म्हणाली. "मंगळवारी मला डोळे तपासायला सोडशील?"